विश्वातले गडगे

माझे शुद्धलेखन कच्चे आहे. वेलांटी पहिली की दुसरी यात मी नेहमी चुकते. अक्षरही आता वाचण्यासारखे राहिलेले नाही, कारण उजव्या हाताचे मनगट वाकडे जुळले आहे आणि ओळ वर सुरू होऊन खाली उतरत जाते. त्याबद्दल माफ करावे. हे कोणाला दाखवायचे नाही, तरी पहिले हेच लिहावेसे वाटले. चौथीत मास्तर माझी पाटी उचलून सगळ्या वर्गाला दाखवायचे, अशी असू नये म्हणून.

मनगट माझ्या दिराने मोडले. फावड्याच्या दांड्याने, दिवसाढवळ्या, आमच्या दोन घरांमधल्या गडग्यावर. त्याच वेळी त्याने एक कॉम्प्युटर फोडला. तो माझा नव्हता. त्या कॉम्प्युटरमध्ये विश्व होते. असे लिहिले की वेड लागल्यासारखे दिसते, म्हणून पहिल्यापासून सांगते.

गडगा म्हणजे दोन जागांच्या मध्ये नुसते दगड रचून केलेली भिंत. त्यात चुना नाही, माती नाही. पावसात तो थोडा ढासळतो आणि पाऊस गेला की पुन्हा रचायचा. आमचा मधला गडगा दीर रचायचा. नवरा मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला, चतुर्थीला आणि शिमग्याला येणार. त्यामुळे रचताना विचारणारे कोणी नसे. दरवर्षी दगड होते तिथून थोडे इकडे, माझ्या बाजूला ठेवले जायचे. लग्न होऊन आले तेव्हा विहिरीकडे जायला गडग्याच्या कडेने दोन बायका घागरी घेऊन जोडीने चालायच्या. आता मी एकटी अंग आवरून जात होते.

माझी कोंबडी पलीकडे गेली तर तो तिची मान पिळून गडग्यावरून परत टाकायचा. "वयनी, तुजी कोंबडी निजली हां, बघ," असे हसून म्हणायचा. मी ती उचलून सोलायचे. रागाने शिजवलेले मांसही पोरीबाळींच्या पोटात जातेच. पुढे मुली लग्न होऊन गेल्या आणि त्यानंतर मी कोंबड्या पाळल्याच नाहीत.

नवऱ्याला फोनवर सांगितले तर तो म्हणे, "भाव आसा तो माजो. वीतभर जमनीसाठी काय जीव देतंस? गप रव."

गप राहायला मला कोणी सांगायची गरज नव्हती. चारचौघांत माझे तोंडच उघडत नाही.

मग मास्तर अंथरुणाला खिळले. हे ते चौथीचे मास्तर. क्रिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, पलीकडच्या वाडीत त्यांचे घर, पुढे बसायला बल्काव, म्हणजे खांबांचा ओटा. त्यांना भरवायला, पुसायला आणि जेवण करायला मी जाऊ लागले. त्यांची मुलगी परदेशात मोठ्या संस्थेत शिकवत होती. बापासाठी रजा घेऊन आली होती आणि बल्कावात टेबल टाकून तिथूनच काम करायची. एकदा तिला चहा द्यायला गेले तर पडद्यावर काळ्यावर पांढरट पसरलेले काहीतरी होते. ओल लागलेल्या खोबऱ्यावर येते तसे.

"बाय, तुज्या कॉम्प्युटराक बुरशी लागली हा," मी म्हटले.

ती हसली. "मावशे, ह्या विश्व आसा."

"खरा?"

"खोटा. आमी केलेला."

"मगे खरा खंय आसा?"

"भायर," ती म्हणाली आणि माडांच्या वर बोट दाखवले.

मग तिने मला ते पहिल्यापासून चालवून दाखवले. सुरुवातीला सगळीकडे सारखे धुके होते. सारखे म्हणजे अगदी सारखे नव्हे, कुठे जरासे दाट, कुठे जरासे विरळ. त्यातला एकेक ठिपका म्हणजे तारा नव्हे, नुसता वजनाचा दाणा. त्यांना एकच नियम दिलेला, की प्रत्येकाने प्रत्येकाला ओढायचे. आणि सगळी जागा मात्र सारखी पसरत जायची. बस. पुढचे आपोआप होते.

पुढचे मी उभ्यानेच पाहिले. जिथे थोडे दाट होते तिथे आजूबाजूचे ओढले गेले. जिथे थोडे विरळ होते ते आणखी ओरबाडले गेले. दाण्यांच्या भिंती झाल्या, भिंती भिंतींना भिडल्या तिथे दोरे झाले, दोरे एकत्र आले तिथे गाठी. एक लहान गाठ दोऱ्यावरून घसरत मोठीकडे गेली. आत शिरताना तिच्या चिंध्या झाल्या. ती दुसऱ्या बाजूने फाटून बाहेर पडली, पुन्हा ओढली गेली, पुन्हा फाटली, आणि शेवटी कुठे गेली ते कळले नाही. मोठी गाठ थोडी थरथरली आणि आणखी मोठी होऊन बसली.

"ता बारक्या कोणी मारल्यान?" मी विचारले.

"कोणी नाय. वजनान."

"आणि ह्या रिकामा?"

"ती पोकळी. थंयचा सगळा भोवतालच्यांनी ओढून नेल्यानी."

मला ते बघवेना आणि नजरही हलवता येईना.

तिचे काम होते या विश्वातली पोकळी कोणती, भिंत कोणती, दोरा कोणता, गाठ कोणती ते ओळखायचे. ओळखायच्या रीती कॉम्प्युटरला शिकवलेल्या होत्या, पण एका रीतीने एक उत्तर येई, दुसरीने दुसरे. म्हणून तिला माणसांच्या हाताने खुणा केलेली चित्रे हवी होती. कोणती रीत माणसाच्या डोळ्याशी जुळते ते ताडून बघायला. त्यातही आधीपासून काही माहीत नसलेली माणसे हवी होती. मी म्हटले, तशी मी आहे. तिने मला तिच्या संस्थेचा एक लॅपटॉप दिला, पडद्यावर लिहायचा पेन दिला आणि चित्रामागे मजुरी ठरवली.

नीरफणसाचे काप करावेत तसे विश्वाचे पातळ काप केलेले होते. प्रत्येक कापावर रंगाने खुणा करायच्या. गाठ तांबडी, दोरा पिवळा, भिंत निळी, पोकळी कोरी. पण कापात फसगत होते. भिंत आडवी कापली गेली की ती दोऱ्यासारखी दिसते, आणि दोरा कापला की नुसता ठिपका. म्हणून मागचे-पुढचे काप बघून ठरवायचे. मला ते शब्द लक्षात राहीनात, म्हणून मी माझे ठेवले. गाठ म्हणजे वाडी. दोरा म्हणजे पाणंद. भिंत म्हणजे गडगा. पोकळी म्हणजे सडा, आमच्या डोंगरमाथ्यावर असतो तसा उघडा कातळ. मग हात भराभर चालायला लागला. संध्याकाळी पलीकडून दिराचे ओरडणे ऐकू यायचे, बायकोवर, गुरांवर, आणि मी विश्वातल्या पाणंदी रंगवत बसायचे.

पहिला गठ्ठा दिला तेव्हा तिने तो बघितला आणि कपाळाला हात लावला.

"मावशे, हयसर भिंत खंय आसा?"

तिने दाखवलेल्या जागी खरेच काही नव्हते. दोन निळ्या रेषांच्या मध्ये काळी फट होती आणि मी ती रंगवून टाकली होती.

"नाय आसा," मी म्हटले.

"मगे काढलंस कित्याक?"

"गडगो उघडो ठेवन चलाचा नाय."

ती मग हसायला लागली. आतून मास्तरांनी खोकत विचारले, काय झाले. ती हसतच म्हणाली, "पपा, मावशेन सगळ्या विश्वाक कुंपण घातल्यान."

मलाही मग दिसले. प्रत्येक चित्रात मी एकूण एक फट बुजवली होती. एकही सडा उघडा ठेवला नव्हता. आमच्याकडे गडग्याला भगदाड राहिले की गुरे शिरतात, गुरांमागून माणूस शिरतो, माणसामागून काठी. हाताला ते इतके ठाऊक होते की डोळ्यांना न विचारता तो पुढे गेला.

तिने समजावले, की त्या भिंती भोकांच्याच असतात. एक पोकळी दुसरीत उघडते, दोन पोकळ्यांमधली भिंत पातळ होत होत फाटते आणि त्यांची एकच होते. तिथे कोणाची मालकी नाही. तो गठ्ठा मी पुन्हा केला, फुकट, कारण चूक माझी होती.

दुसरी गोष्ट तिने त्याच दिवशी शिकवली. मी विचारले होते, भिंत नेमकी कुठे संपते? दाणे तर हळूहळू विरळ होत जातात. ती म्हणाली, तेच तर भांडण आहे. भिंत किती दाट असली म्हणजे भिंत म्हणायची, ते आधी ठरवायचे आणि मग प्रत्येक चित्रात तेच पाळायचे. चित्र बघून, सोयीप्रमाणे ठरवायचे नाही. तसे केले की खुणा करणारा खोटे बोलत नसला तरी काम खोटे होते.

मी घरी येताना गडग्याकडे बघितले. दिराची सगळी वर्षे सोयीप्रमाणे ठरवण्यात गेली होती.

पाऊस संपला. दीर गडगा रचायला बाहेर आला. मी आदल्या दिवशी बांबूच्या खुंट्या तासून ठेवल्या होत्या. त्या घेऊन गेले.

"भावजी, आधी खुंटये मारूया. मगे दगड."

त्याने फावडे टेकवले. "कोणी शिकवल्यान तुका? मास्तराच्या चेडवान?"

"कोणी नाय."

"आकाशात गडगे घालूक शिकलंस, आता हंय घालतंस?"

मी पहिली खुंटी ठोकली. त्याने उपटून विहिरीच्या बाजूला भिरकावली. मी दुसरी ठोकली. माझा हात खुंटीवरच होता तेव्हा दांडा आला. ओले लाकूड मोडावे तसा आवाज झाला आणि हात माझा नसल्यासारखा लोंबला. दुसरा फटका पाठीत बसला आणि मी दगडांवर पडले. तोंडात माती आणि रक्त. त्याची बायको मागच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने दार ओढून घेतले.

मग तो माझ्या घरात शिरला. पडवीत टेबलावर लॅपटॉप उघडा होता, चित्र अर्धे रंगवलेले. त्याने कोपऱ्यातली पहार उचलली. "हेच्यातना येता तुजा सगळा बोलणा," म्हणाला आणि मारली. पडदा अर्धा काळा झाला, उरलेल्या अर्ध्यावर चित्र तसेच होते. त्याने पुन्हा मारली. मी उंबऱ्यापर्यंत सरपटत गेले होते. मनगटाचे दुखणे अजून पोचले नव्हते. एवढेच वाटत होते की ती वस्तू परक्याची आहे.

शेजारणीने रिक्षातून मालवणला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "कसं लागलं?" असल्या जागी आम्ही शुद्ध मराठी बोलतो आणि माझ्या शुद्ध मराठीत या प्रश्नाचे एकच उत्तर पाठ होते, पडले. या वेळी मी म्हटले, "दिराने मारले." त्यांनी ते लिहिले. तिथून पोलिसात गेले आणि हेच वाक्य पुन्हा सांगितले. मग प्लास्टर घातलेल्या हातानेच जमिनीच्या सरकारी मोजणीचा अर्जही दिला. सही डाव्या हाताने केली.

मग बैठक बसली. दिराच्याच खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, गावातली वडीलधारी माणसे खुर्च्यांवर, मी खांबाला टेकून खाली. मास्तरांच्या मुलीलाही बोलावले होते, कारण नुकसान तिचे. नवऱ्याला फोन लावून फोन स्टुलावर ठेवला होता. दीर कॉम्प्युटरची पूर्ण किंमत भरायला तयार होता. त्याने पैसे आणलेही होते. मी तक्रार मागे घ्यायची आणि मोजणी नको.

"बरा आसा," फोनमधून नवरा म्हणाला.

सगळ्यांत वयाने मोठे होते ते माझ्याकडे वळले. "गो, हाडा काय, जुळतली. नुकसान त्या बायचा झाला, ता भरान येता. मगे रवला काय?"

आमच्या गावात बैठकीत भरपाई घेतली की ती गोष्ट संपते. त्यानंतर कोणी तिचे नाव काढत नाही, आणि काढले तर काढणारा खोटा पडतो. मला ते माहीत होते, दिराला माहीत होते. मास्तरांच्या मुलीला माहीत नव्हते. ती लहानपणीच शिकायला बाहेर गेलेली. संस्थेला किंमत तिला भरावी लागणार होती, तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे दिसले आणि तिने हात पुढे केला.

मी बोलले. खाली बघून. "कॉम्प्युटर माज्या हातात दिललो. मी भरतलंय."

कोणी ऐकले नाही असे वाटून पुन्हा म्हटले. तेव्हा हसू पसरले. एक जण म्हणाला, "खंयसून भरतलंस गो?"

"थोडे थोडे."

"भरतली!" दीर म्हणाला. "आकाशातल्या वाडयेची खोतीण ती."

फोनमधून नवरा ओरडत होता. कोणीतरी तो बंद केला. मुलीने हात मागे घेतला होता.

परत जाताना ती चिडली. "तो देय होतो मावशे. तू कित्याक?"

"तेचे पैशे तू घेतलंस, तर हात माजो फुकट मोडलो."

पाणंद संपली तिथे ती थांबली. मग म्हणाली, "घराकडे आता कायएक न्हेव नको. बल्कावात बस."

बल्कावात तिच्या स्वतःच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी डाव्या हाताने खुणा करू लागले. रेघा वाकड्या यायच्या, पण सगळ्या चित्रांत सारख्याच वाकड्या, त्यामुळे चालतात, असे ती म्हणे. रजा संपल्यावर तो तिथेच ठेवून ती गेली आणि तिथून चित्रे पाठवू लागली. आत मास्तर कण्हायचे, मी बाहेर रंगवायचे आणि मध्ये उठून त्यांना कुशीवर वळवायचे. मजुरी आली की त्यातली थोडी घरखर्चाला आणि बाकीची तिला द्यायला बाजूला ठेवायचे.

चतुर्थीला नवरा आला. गणपतीपुढे पान वाढत असताना त्याने मला कानफटात मारली. समई हलली. "माज्या भावाक कोर्टात उभो करतंस?" पलीकडून दीर आरतीला येऊन उभा होता, हातात झांजा. त्याने नजर वळवली नाही. मी सांडलेला भात गोळा केला. जाताना नवरा माझे बाजूला ठेवलेले पैसे घेऊन गेला, भावाच्या वकिलासाठी. मी मास्तरांच्या मुलीला फोनवर सांगितले, आता मजुरी माझ्या हातात पाठवू नकोस, तिथल्या तिथे वळती कर. पोटासाठी मी दुसऱ्यांच्या घरी सुपाऱ्या सोलल्या.

मोजणीवाले आले आणि रेघ पडली. ती मला हवी होती तिथे पडली नाही. विहिरीकडचा मी माझा समजत होते तो माड त्याच्याकडे गेला. आणि त्याच्या गोठ्याचा कोपरा व त्याला लागून असलेला मोठा माड माझ्याकडे आला. मोजणीवाले दगड पुरून गेले. दिवस दोन दिवस शांत गेले. मग भर दुपारी, मी बल्कावात असताना, त्याने कुऱ्हाडीने तो मोठा माड तोडला. नीट बघून, माझ्या घराच्या बाजूला पाडला. स्वयंपाकघराचे वासे आणि कौले खाली आली. चुलीवर पेजेचे टोप होते, ते भाकरीसारखे चपटे झाले. मी घरी असते तर चुलीपुढेच असते.

पोलीस आले. बैठकीत पैसे घेतले असते तर आधीचे काही राहिले नसते. पण माझी तक्रार तशीच उभी होती, मनगटाचा कागद तिच्यासोबत होता. या वेळी त्याला नेले. जाताना गडग्यावर थुंकला. सुटून आला तेव्हा कोठडीत कोणीतरी त्याला चोपल्याचे दिसत होते, एक डोळा बंद होता. मला बरे वाटले. हे लिहू नये, पण वाटले. आता तो माझ्याशी बोलत नाही. गडगा दगडांच्या रेघेवर आहे. कधी कधी त्यावर मेलेला साप टाकलेला असतो.

हल्लीच मास्तर गेले. मुलगी आली, माती झाली, लोक पांगले. बल्कावात ती एकटी बसली होती. मी गेले तेव्हा तिने मला शेजारी बसवले आणि बोलायला दुसरे काही नसल्यासारखी कामाचे बोलली. माझ्यासारख्याच तिने ठिकठिकाणी कामाला लावलेल्या बायकांच्या, मुलांच्या, तिच्या विद्यार्थ्यांच्या, सगळ्यांच्या खुणा ताडून झाल्या होत्या. गाठी सगळ्यांनी जवळपास एकाच जागी दाखवल्या. भिंतींवर कोणाचेच कोणाशी जुळले नाही.

"आणि माज्यो?" मी विचारले.

"तुज्यो जाड आसत," ती म्हणाली. "पण सुरवातीपासना शेवटपर्यंत तेवढ्योच जाड."

मी पदराची गाठ सोडली. पाडलेल्या माडाचे खोड एकाने घराच्या तुळयांसाठी विकत घेतले होते, त्याचे पैसे होते. नारळ विकून त्यांचे पैसे आधीच तिला दिले होते. ती नको म्हणाली, आज नको. मी तिचा हात उघडून त्यात ठेवले. तिने मोजले नाहीत. मी मोजून आणले होते. त्या दिवशी कॉम्प्युटरचे पैसे पुरे फिटले.